रविवारी बरे वाटते काय?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या दिवसांत विद्वानांनी बोलावे आणि गावाने ऐकावे असा रिवाज महाराष्ट्रात पडला आहे. आम्ही विद्वान नाही. आमची शाळा दहावीपाशी थांबली. पुढचे शिक्षण लेथवर, गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा काही चुकले तर ते आमच्या वाचनाचे उणेपण समजावे.

चालकांची अपेक्षा अशी, की आम्ही वेतनकरारावर बोलू. आम्ही विषय कळविला, ‘कामाचा थकवा आणि नैराश्याचा आजार यांतील फरक’. चिटणीस म्हणाले, “अण्णा, हा तर डॉक्टरांचा विषय!” आम्ही म्हटले, “खरे आहे. पण डॉक्टरांकडे माणूस शेवटी पोचतो. त्याआधी तो संघटनेच्या कचेरीत येतो, आणि त्याच्याही आधी तो घरच्या माणसांच्या डोळ्यांसमोर असतो. तेथेच ओळख चुकली, तर पुष्कळदा तो डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही.”

आमची स्वतःची ओळख एकदा चुकलेली आहे. तेच प्रथम सांगतो.

बारा-तेरा वर्षांमागची गोष्ट. आमच्याबरोबर एकाच खात्यात लागलेला एक फिटर मित्र होता. आज तो हिंडताफिरता आहे, आणि त्याला विचारूनच ही हकीकत सांगत आहोत; नाव मात्र घेत नाही. कामात पक्का, बोलायला मिठ्ठास, संघटनेच्या वर्गणीचा हिशेब त्याच्याकडे. त्या वर्षी कारखान्यातली माणसे कमी झाली होती. दोघांचे काम एकाच्या अंगावर आले होते. दिवाळीनंतर हा गप्प राहू लागला. हातून चुका होऊ लागल्या, जेवणाचा डबा अर्धा परत जाऊ लागला. आम्ही लागलीच निदान केले. कामगारपुढारी निदान करण्यात फार तत्पर असतो! आम्ही म्हटले, “हा कामाने पिळून निघाला आहे, ह्याला विश्रांती पाहिजे.” व्यवस्थापनाशी भांडून दीड महिन्याची रजा मिळविली, त्याला कुटुंबासह गावी धाडले, आणि एक लढाई जिंकल्याच्या ऐटीत आम्ही हिंडू लागलो.

तीन आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. “भाऊजी, हे पहाटे तीनलाच उठून बसतात. चहा केला तरी पुढ्यातच गार होतो. काल गावची जत्रा झाली, तर घराबाहेरसुद्धा पडले नाहीत.”

आम्ही म्हणालो, “वहिनी, इतक्या वर्षांचा शीण आहे. चार दिवसांत रुळेल.” मग मित्राशी बोललो. तो म्हणाला, “अरे, ते वर्गणीचे पन्नास रुपये माझ्यामुळे चुकले होते ना?” ती चूक सहा वर्षांपूर्वीची, आणि त्याच आठवड्यात दुरुस्त झालेली. आम्ही हसलो. “वेडा आहेस,” म्हणालो, “आंबे खा आणि झोप काढ.”

त्यानंतर नऊ दिवसांनी त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. वहिनींना वेळीच जाग आली म्हणून तो वाचला.

रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर आम्हांला शांतपणे म्हणाले, “तुम्ही त्याला रजा मिळवून दिलीत हे ठीकच. पण रजेत त्याला बरे वाटते आहे का, हे कोणी पाहिले?” मंडळी, आम्ही पुष्कळ वकिलांच्या उलटतपासणीला तोंड दिले आहे. त्या एका प्रश्नाला मात्र आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजचे हे व्याख्यान त्या प्रश्नातूनच निघाले आहे.

आता शब्दांचा उलगडा करू. इंग्रजीत ज्याला बर्नआउट म्हणतात, त्याला आम्ही आमच्यापुरता ‘झीज’ असा शब्द वापरतो. हे नाव फार जुने नाही. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. दिवसभर स्वतःचा व्यवसाय करून रात्री ते एका मोफत दवाखान्यात व्यसनी तरुणांसाठी राबत. बरोबरचे स्वयंसेवक मोठ्या उमेदीने येत, आणि काही महिन्यांत चिडचिडे, रिकामे, तुसडे होऊन जात, हे त्यांनी पाहिले. स्वतःचीही तीच गत झाल्याचे त्यांच्या ध्यानी आले. १९७४ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला, तेव्हापासून हा शब्द शास्त्रात रुळला. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की झिजणारी माणसे आळशी नव्हती. जो कधी पेटलाच नाही, तो विझणार कशाला?

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या अकराव्या सूचीत, जी २०२२ पासून अमलात आली, या झिजेची तीन लक्षणे दिली आहेत. शक्ती संपून गेल्यासारखे वाटणे, हे पहिले. कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे, हे दुसरे. आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे होणे, हे तिसरे. पण ती सूची एक गोष्ट बजावून सांगते. झीज हा आजार नव्हे. दीर्घकाळ साचलेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या कामाच्या ताणातून उद्भवणारी ती अवस्था आहे, आणि हा शब्द कामाच्या ठिकाणापुरताच वापरावा.

येथे आमचे त्या संघटनेशी थोडे भांडण आहे. घरात अंथरुणाला खिळलेली सासू, दोन मुले आणि पहाटेचे पाणी सांभाळणाऱ्या भगिनीचे काम हे काम नव्हे काय? चुलीला साप्ताहिक सुट्टी कोणत्या कायद्याने दिली? असो. ते भांडण चालू ठेवून पुढे जाऊ.

नैराश्य ही गोष्ट वेगळी. या शब्दानेच आपला घात केला आहे. ‘नैराश्य’ म्हटले की आपल्याला वाटते, निराशा झाली असेल, जाईल दोन दिवसांत. निराशा ही सर्वांनाच होते. तो मनाचा एक रंग आहे. नैराश्य हा आजार आहे. दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे मन खिन्न राहते किंवा कशातच गोडी वाटेनाशी होते. त्याच्या जोडीला झोप बिघडते, भूक जाते किंवा नको तितकी वाढते, अंगातले त्राण जाते, लक्ष लागत नाही, आपण कवडीमोलाचे आहोत, अपराधी आहोत, असे वाटू लागते, आणि मरणाचे विचार येतात. सर्वच लक्षणे प्रत्येकात दिसतील असे नाही. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे आपल्या देशात सुमारे २० प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. या मंडपात किती माणसे आहेत ते पाहा, आणि हिशेब आपणच करा.

हा आजार होण्यास काम असावेच लागते असेही नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे त्यात होती. आमचे वडील त्यांतले एक. आम्ही तेव्हा शाळकरी पोर. गिरणी पुन्हा वडिलांच्या वाट्याला आली नाही. चाळीच्या गॅलरीत ते भिंतीकडे तोंड करून बसत. शेजारी म्हणत, “बसून बसून आळशी झाला.” त्यांना कामाची झीज झाली म्हणावे, तर काम कोठे होते? विश्रांतीने बरे व्हावे, तर त्यांना विश्रांतीखेरीज दुसरे काही उरलेच नव्हते. तो आजार होता, हे आम्हांला फार उशिरा कळले. तोवर ते सांगण्यास वडील राहिले नव्हते.

उलट बाजूचीही एक हकीकत ऐका, कारण चूक दोन्हीकडून होते. एका रुग्णालयातील परिचारिका आमच्याकडे आल्या. घरच्यांनी त्यांना डॉक्टरकडे नेले होते, झोपेच्या गोळ्या चालू होत्या, आणि “हिचे डोके फिरले आहे” अशी नातेवाइकांत कुजबुज होती. आम्ही त्या वेळपर्यंत थोडे शहाणे झालो होतो. विचारले, “सिस्टर, सुट्टीच्या दिवशी कसे वाटते?”

त्या म्हणाल्या, “दादा, गेल्या महिन्यात भाचीचे बारसे झाले. मी पाळणा म्हटला, पुरणपोळ्या केल्या, खूप हसले. पण संध्याकाळ झाली, उद्याची ड्यूटी आठवली, आणि पोटात गोळा आला.”

“राग कोणाचा येतो?”

“सगळ्यांचा! परवा एका म्हाताऱ्या पेशंटवर ओरडले. तो बिचारा पाणीच मागत होता. आधी मी अशी नव्हते.”

चौकशी केली. वॉर्डात तीन जागा रिकाम्या. बाईंना आठवड्यातून दोनदा लागोपाठ दोन पाळ्या कराव्या लागत. सुट्टी कागदावर, आणि सुट्टीच्या दिवशीही फोन. आता ह्यावर गोळी कोणती द्यावी? आम्ही सहा आठवडे पाठपुरावा केला. दोन जागा भरल्या गेल्या, दुहेरी पाळ्या बंद झाल्या. तीन महिन्यांनी बाई पेढे घेऊन आल्या. इकडे त्याच संस्थेने मनःशांतीसाठी योगाचा वर्ग काढला होता. योग चांगलाच आहे. परंतु दोन माणसांचे काम एकावर टाकून त्याला श्वास कसा घ्यावा हे शिकविणे, ही थट्टा आहे.

कारखान्यातल्या माणसाला समजेल असे सांगतो. मोटरचे बेअरिंग गरम झाले, तर मोटर थांबवावी, निवू द्यावी, ग्रीस घालावे, भार कमी करावा. मोटर पुन्हा चालते. भार तोच ठेवला तर पुन्हा गरम होते. पण वाइंडिंग जळाले असेल, तर मोटर महिनाभर थांबवून ठेवली तरी ती चालणार नाही. ती जाणकाराच्या हातीच द्यावी लागते. आमच्या मित्राचे वाइंडिंग जळाले होते आणि आम्ही त्याला निवू देत बसलो होतो. परिचारिकाबाईंचे बेअरिंग गरम झाले होते, आणि घरचे त्यांना जळालेल्यांत काढीत होते.

मग साध्या माणसाने फरक ओळखावा कसा? आम्ही पाच प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न रविवारचा. कामापासून दूर गेल्यावर बरे वाटते काय? झिजलेला माणूस एक-दोन दिवस नुसता पडून राहील, पण पुढे त्याला चव येते, हसू येते. नैराश्याच्या रोग्याला रविवार आणि सोमवार सारखेच. हा रविवारही आयता मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची संघटना उभी केली आणि त्यांच्या झगड्याने १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. लोखंड्यांनी ती विसाव्यासाठी मिळविली. आम्ही तिच्यात माणसाच्या मनाचा आरसाही पाहतो.

दुसरा प्रश्न, काळोख किती खोल्यांत शिरला आहे? झीज बहुधा कामाच्या खोलीत राहते. नैराश्य घरभर पसरते. नातवंड, भजन, क्रिकेट, जेवण, सर्वांचीच गोडी जाते.

तिसरा, बोट कोणाकडे? झिजलेला माणूस साहेबाला, ग्राहकाला, व्यवस्थेला, कधी आम्हा पुढाऱ्यांनाही शिव्या देतो. नैराश्यात बोट पुष्कळदा स्वतःकडे वळते. पन्नास रुपयांची दुरुस्त झालेली चूक डोंगराएवढी होते. ‘मी सर्वांना ओझे झालो आहे’ हे वाक्य ऐकू आले, तर हसू नका. आम्ही हसलो होतो.

चौथा, पहाट कशी जाते? अवेळी जाग येणे, सकाळ सर्वांत जड जाणे, अन्नावरची वासना उडणे, हालचाल मंदावणे, ही शरीराची साक्ष आहे. येथेच एक सावधगिरी. रक्त कमी असणे, थायरॉइडचा बिघाड, मधुमेह, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही माणूस असाच गळून जातो. म्हणून साध्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घेणे आधी बरे.

पाचवा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, पण विचारावाच. “जगू नये असे मनात येते काय?” हे विचारल्याने नसता विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणीतरी विचारले म्हणून माणसाला मोकळे होता येते. उत्तर ‘होय’ आले, तर पहिल्या चार प्रश्नांचा हिशेब बाजूला ठेवावा, त्या माणसाला एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे; १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो. घरी जाऊन तो दाराच्या मागे लिहून ठेवा.

कोणी म्हणेल, हे फार सुबक झाले. माणूस इतका सरळ असतो काय? नसतोच. काही संशोधक तर म्हणतात, की झीज आणि नैराश्य यांची लक्षणे एकमेकांत इतकी मिसळतात, की मध्ये भिंत घालणेच कठीण. आमच्या मोटरचेही तसेच आहे. बेअरिंग जाम झालेली मोटर तशीच रेटली, तर भाराने अखेर वाइंडिंगही जळते. आमच्या मित्रावरही दोघांचे काम होतेच. म्हणून हे पाच प्रश्न निदानासाठी नाहीत. निदान डॉक्टरांनीच करावे. माणसाला कोणत्या दारी आधी न्यायचे, एवढ्यापुरते ते आहेत.

आमचा नियम असा. संशय असेल तेव्हा आधी डॉक्टर. आणि डॉक्टर झाला म्हणून मागणीपत्रक मागे घ्यायचे नाही.

डॉक्टरकडे जायला आपण भितो. ‘वेड्यांचा डॉक्टर’ हा शब्दच त्याला कारण. आमच्या मित्राला औषध सुरू झाल्यावर गुण दिसायला तीन-चार आठवडे लागले. या औषधांना तेवढा वेळ लागतोच. बरे वाटताच ती मनाने बंद करायची नसतात. औषधाबरोबर समुपदेशन झाले. रोज एक लहानसे काम ठरवून करायचे, मन लागो वा न लागो, अशी शिस्त लागली. सहा महिन्यांनी तो कामावर आला. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा सरकारी खर्चाच्या सेवेत अशा उपचाराचा हक्क देतो, विमा कंपन्यांनी शरीराच्या आजारासारखाच मनाचा आजार धरावा असे सांगतो, आणि जीव देऊ पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वाचवितो. हे कागद संघटनेच्या कचेरीत असलेच पाहिजेत.

आणि मागणीपत्रकाचे काय? क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर या दोघा अभ्यासकांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात झिजेची सहा उगमस्थाने सांगितली. कामाचा बोजा, कामावरचा आपला ताबा, मोबदला, सोबत्यांचा जिव्हाळा, न्यायाची वागणूक, आणि मूल्यांचा मेळ. वाचनालयात हे वाचताना आम्हांला आमचेच मागणीपत्रक वाचल्यासारखे वाटले! ही सहाही माणसाच्या डोक्याबाहेर, कामाच्या जागेत आहेत. ती बदलली नाहीत, तर रजेने आलेली तरतरी काही आठवड्यांत उतरते. म्हणून झिजलेल्याला न्याय हवा, आजाऱ्याला उपचार हवा. झिजलेल्याला नुसता उपचार देणे म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे, आणि आजाऱ्याला नुसती रजा देणे म्हणजे त्याला आजाराबरोबर एकटे कोंडणे.

आमचा मित्र पुन्हा वर्गणीचा हिशेब पाहतो. तो कामावर आला त्या पहिल्या शनिवारी आम्ही त्याला काही शहाणपण सांगणार होतो, पण तोच म्हणाला, “तू उद्या काय करणार आहेस?” आम्ही म्हटले, “सभा आहे.” तो म्हणाला, “गेले पाच रविवार तुझी सभाच आहे. तुला रविवारी बरे वाटते का रे?” तेव्हा आमच्या ध्यानात आले, की ज्याला आम्ही सांभाळायला निघालो होतो, तो आता आम्हांला सांभाळीत होता. त्या रविवारची सभा आम्ही पुढे ढकलली.

बंधुभगिनींनो, आपण घरी जाल तेव्हा आपल्या आसपासच्या एका गप्प झालेल्या माणसाजवळ बसा, आणि हा प्रश्न विचारा. विचारून उठू नका. उत्तर येईपर्यंत बसा.